कंपवात, मूळपेशी आणि आशेचं डोपामिन

क्योटो विद्यापीठातल्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने कंपवाताच्या ७ रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडल्या. २०१८मध्ये सुरू झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आले. दोन वर्षांत कुणालाही गाठ झाली नाही. परिणामांसाठी तपासलेल्या ६ जणांपैकी चौघांच्या हालचाली, औषधाचा अंमल उतरलेला असतानाही, सुधारल्या.

कंपवातात मुख्यतः डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. पेशी एका जातीची, जागाही ठरलेली. अल्झायमरमध्ये पडझड मेंदूभर पसरते, म्हणून मूळपेशींची खरी आशा आधी कंपवातातच दिसली. शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या साध्या पेशी ४ जनुकं घालून मूळपेशीच्या, म्हणजे हव्या त्या प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशीच्या अवस्थेत नेल्या होत्या. क्योटोत निरोगी दात्याच्या अशाच पेशींपासून डोपामिन पेशींच्या पूर्वज पेशी घडवल्या आणि जिथे डोपामिन लागतं, त्या पुटामेन भागात सुईने सोडल्या.

पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कंपवातात ही उणीव मोठी आहे. उपचार मिळतोय या नुसत्या अपेक्षेनेही या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं; २००१मध्ये पेट स्कॅनवर ते दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या गर्भपेशी-रोपणाच्या चाचणीचे निकाल आले. तिच्यात निम्म्या रुग्णांच्या कवटीला भोकं पाडली, पेशी मात्र सोडल्या नाहीत. वर्षभराने रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या सुधारणेत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. उलट रोपण झालेल्या काहींना पुढे न आवरणाऱ्या हालचाली सुरू झाल्या.

म्हणून ‘बाबांचा हात थरथरायचा थांबला’ असा एखादा व्हिडिओ खोटा नसला, तरी तो पुरावा ठरत नाही. आपल्याकडे अस्थिमज्जेतल्या पेशी पाठीत टोचून घ्यायला घरं लाखो रुपये मोजतात. त्या पेशी अशा टोचल्यावर डोपामिन पेशी होतात, याला आधार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूळपेशींचा वापर फक्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. लेव्होडोपा हे औषध, फिजिओथेरपी आणि सांभाळणाऱ्या माणसासाठी लागणारा पैसा अशा सुईत जातो, याची मला चीड येते.

अमेरिकेत २०२५मध्ये बेमडानेप्रोसेल या पेशी-उपचाराची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली आहे. तिच्यातही एका गटावर फक्त लुटुपुटीची शस्त्रक्रिया होते. आपल्याकडे कुणी मूळपेशी देऊ केल्या, तर सीटीआरआय या चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागावा आणि खर्च कोण करणार ते विचारावं.