गाठ आणि सोयरीक

वाशिम जिल्ह्यात कॅन्सरचं नाव सहसा कुणी घेत नाही. 'मोठा आजार' म्हणतात, 'गाठीचं निघालं' म्हणतात, नाहीतर आवाज खाली आणून नुसतं 'तेच' म्हणतात. त्यातून रिसोड-मानोऱ्याकडची पंचविशीतली पोरगी किमोसाठी अकोल्याला जात असेल, तर गावाला सांगायचं की मामाकडे गेली आहे. मरणाची भीती त्यात असतेच. पण मला वाटतं, त्याहून मोठी भीती सोयरिकीची आहे: तिच्या स्वतःच्या आणि तिच्या पाठच्या बहिणीच्याही. बरेचसे गैरसमज खोदत गेलं की खाली हीच भीती लागते.

'पोरीला निघाला म्हणजे घराण्यातच आहे' हा त्यातला सर्वांत जड. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये वारशाने आलेला जनुकीय दोष साधारण पाच ते दहा जणींतच सापडतो. बाकीच्यांमध्ये असा वारशाचा दोष सापडत नाही. आजार तरुणपणी झाला असेल तर ही शक्यता थोडी वाढते, म्हणून डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात. आणि दोष निघालाच, तर तो वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. आपल्याकडे मात्र सगळी चौकशी आईच्या माहेरापाशीच सुरू होते आणि तिथंच संपते. खरं तर दोष कळला तर फायदा बहिणीचाच: तिची तपासणी लवकर सुरू करता येते. म्हणजे जिच्यासाठी लपवायचं, नुकसान तिचंच होतं.

लग्न झालेल्या मुलीला वेगळी धमकी मिळते: 'असा आजार असला की सोडचिठ्ठी मिळतेच.' हिंदू विवाह कायद्यात कॅन्सर हे घटस्फोटाचं कारण नाही, कधीच नव्हतं. कुष्ठरोग होता, तोही 2019 मध्ये वगळला गेला. उलट, लग्नाआधीची एखादी महत्त्वाची गोष्ट फसवून दडवली असेल तर त्याच कायद्याखाली लग्न रद्द करून मागता येतं. कागदोपत्री पाहिलं तर सांगण्यापेक्षा लपवणंच जास्त धोक्याचं आहे.

आता वयाचं. 'हे म्हातारपणचं दुखणं' असं म्हणून तरुण मुलीची गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. विशीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात, रबरासारख्या, बोटाखाली सरकणाऱ्या. पण साधी आहे की नाही हे घरी चाचपून ठरत नाही. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात स्तनाचा कॅन्सर साधारण दहा वर्षं आधी गाठतो, असं रुग्णांच्या वयावरून दिसतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हेही त्यामागचं एक कारण. सरकारी तपासणी तिशीनंतरच्यांसाठी असते, त्यामुळे आशाताईंच्या यादीत पंचविशीची मुलगी येतच नाही. तिनं स्वतःच बोललं पाहिजे. 'दुखत नाही ना, मग राहू दे' हा सल्ला तर नेमका उलटा आहे. सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच ती राहून जाते.

'चाकू लागला की पसरतो' हेही सगळीकडे ऐकू येतं. बायोप्सीत सुईने गाठीचा कण काढतात, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. त्याने आजार पसरत नाही. हा समज कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. लोक उशिरा जातात, ऑपरेशन होतं तेव्हा आजार आधीच पसरलेला असतो, आणि दोष चाकूवर येतो. ऑपरेशन म्हणजे पूर्ण स्तन काढणंच, असंही नाही. आजार लवकर सापडला तर फक्त गाठ काढून रेडिएशन देता येतं. अमेरिका आणि इटलीतल्या अभ्यासांमध्ये वीस वर्षांनंतरही पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका सारख्याच जगलेल्या दिसल्या.

ताट-वाटी वेगळी ठेवण्याबद्दल एकच वाक्य पुरे: कॅन्सर लागत नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र एक विषाणू असतो, एचपीव्ही, आणि तो शरीरसंबंधातून येतो. हे अर्धवट कळलं की बाईच्या चारित्र्यावर बोट. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हातरी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. मोजक्या जणींत तो टिकतो, आणि कॅन्सर व्हायला त्यानंतरही बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढी मुदत देणारे आजार थोडे.

या मुदतीचा उपयोग करता येतो हे जगाला दाखवलं ते आपल्याच शेजारच्या मराठवाड्याने. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका एका अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. त्यातल्या एका गटात एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरज असलेल्यांवर उपचार, एवढ्याने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गटाला चाचणीविना ठेवलं यावरून पुढे वादही झाला, आणि तो रास्त होता. पण खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायका अशी तपासणी करून घेत नाहीत, हे म्हणणं तिथं खोटं ठरलं.

जुलै 2018 मध्ये अभिनेत्री सोनाली बेंद्रेनं आपला आजार स्वतः जाहीर केला आणि केस गेलेल्या डोक्याचे फोटोही दाखवले. तेव्हा ती 43 वर्षांची होती. आमच्याकडे त्यावर 'ती हिरोईन आहे, तिला चालतं' अशी प्रतिक्रिया. केसांचं म्हणाल तर किमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि थांबली की काही महिन्यांत परत येतात. सोनालीच्या उलट, 31 ऑगस्ट 2025 ला अभिनेत्री प्रिया मराठे 38 व्या वर्षी गेली, तेव्हा तिला कॅन्सर होता हे बहुतेक प्रेक्षकांना त्या बातमीतूनच कळलं. तिचा तो हक्क होता. मोकळेपणा म्हणजे गावभर दवंडी नव्हे. घरात, डॉक्टरांपाशी आणि ज्याच्याशी संसार करायचा त्याच्यापाशी खरं बोलता आलं तरी खूप झालं.

'आता मूल होणार नाही' असं ठामपणे सांगणारेही भेटतात. किमोने अडचण येऊ शकते, म्हणून ती सुरू होण्याआधीच बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल विचारायचं असतं. हा प्रश्न लाजेपोटी राहिला की वेळ निघून जाते. स्तनाच्या कॅन्सरनंतर आई झालेल्या कितीतरी बायका आहेत.

राहिला पैसा. 'शेती विकावी लागते' हा समज पूर्ण खोटा म्हणवत नाही, कारण प्रवास, खाणं आणि बुडालेला रोज कोण भरून देणार? पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आणि वाशिमसह 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला. टाटाला जाणाऱ्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. बाबा मूळचे आपल्या वऱ्हाडातलेच. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाला भाडं पडत नाही. त्यासाठी कॅन्सर रुग्णालयाचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर आजाराचं नाव स्पष्ट लिहावं लागतं.