आलेखातले उंच टोक

गेल्या हिवाळ्यात अब्बांना फिट आली. येडशीहून आम्ही त्यांना सोलापूरला नेले, तर एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली. डॉक्टरांनी स्पेक्ट्रोस्कोपीही करून घेतली. फाइलमध्ये एक वरखाली जाणारी रेघ होती आणि खाली लिहिले होते, ‘कोलीन वाढलेले’. आम्ही मोबाइलवर शोधले, तर कोलीन म्हणजे कॅन्सर, असेच दिसले. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

घाई आमचीच झाली होती. ही रेघ म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा हिशेब. शक्तिशाली चुंबकात प्रत्येक रसायनातला हायड्रोजन थोड्या वेगळ्या कंपनसंख्येचा संकेत देतो, म्हणून त्याचे टोक ठरावीक जागी उठते. १९५१ मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमध्ये अशी तीन वेगळी टोके दाखवली. त्यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले.

बाटलीतल्या द्रवापेक्षा माणसाचा मेंदू मोजणे फार अवघड. पाण्याचा संकेत इतर रसायनांच्या हजारो पट मोठा. तो दाबावा लागतो. डोक्याच्या कातडीखालची चरबी हिशेबात मिसळते. रुग्ण हलला की टोके पसरतात. ग्लुटामेट आणि ग्लुटामिन यांची टोके तर एकमेकांवर चढतात. गाठ लहान असेल तर शेजारचा निरोगी भागही मोजला जातो. शिवाय आलेखाची तळरेषा कुठे धरली, कोणते सॉफ्टवेअर वापरले, यानेही आकडे बदलतात.

कोलीन कॅन्सरच्या गाठीत वाढते, तसे टीबीच्या गाठीतही वाढू शकते. टीबीच्या गाठीत चरबीचे टोक बहुधा ठळक असते. पण काही कॅन्सरच्या गाठींतही ते दिसते. एका आजाराला गोळ्या लागतात, दुसऱ्याला अनेकदा ऑपरेशन. म्हणून एका टोकावरून निकाल देता येत नाही.

डॉक्टरांनी रेघ, चित्रे, छातीचा एक्स-रे आणि तपासण्या एकत्र पाहिल्या आणि टीबीची औषधे सुरू केली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. अम्मीने तेव्हा कुठे नीट श्वास घेतला.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला, तर मोबाइलआधी डॉक्टरांना विचारा: मोजणी गाठीतलीच आहे ना? आलेख स्वच्छ आला आहे का? आणि बाकीच्या तपासण्या हेच सांगतात का?