खोलीतील खर्ज

घरच्या खोलीतच ध्वनिमुद्रण करणारे गायक-वादक आता गावोगावी आढळतात. मुद्रण त्यांच्या खोलीत भरदार वाटते. तेच दुसऱ्याच्या घरी ऐकावे, तर डग्ग्याचा घुमारा नाहीसा झालेला! असे का व्हावे? दोष पुष्कळदा वादकाचा नसतो, यंत्राचाही नसतो. खोली खर्ज फुगवून ऐकविते, मनुष्य तिच्यावर विश्वास ठेवून खर्ज कमी करतो आणि केलेली मेहनत वाया जाते. हे कसे टाळावे, याचा आज विचार करू.

स्टुडिओ मॉनिटर म्हणजे मुद्रण पारखण्यासाठी केलेला ध्वनिवर्धक. रंजन करणे हे त्याचे काम नव्हे. त्याने आरशासारखे जे आहे ते दाखवावे. ज्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर असतो, तो पॉवर्ड मॉनिटर. चांगल्या मॉनिटरमध्ये खर्जाच्या व टिपेच्या कर्ण्यांना स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतात. फिनलंडमध्ये १९७८ साली स्थापन झालेल्या जेनेलेक कंपनीचा असा पहिला मॉनिटर तेथील नभोवाणीसाठीच तयार झाला होता.

मांडणीचा पहिला नियम सोपा आहे. दोन मॉनिटर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. टिपेचे कर्णे कानाच्या उंचीवर यावेत आणि दोन्ही मॉनिटर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर असावेत.

खर्जाचे मात्र निराळे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, तर ४० हर्ट्झच्या स्वराची सुमारे साडेआठ मीटर भरते. खोली ४.३ मीटर लांब असेल, तर या लाटेचा अर्धा भाग तीत नेमका बसतो. मग तो स्वर समोरच्या व मागच्या भिंतीपाशी दणाणतो आणि मध्यभागी जवळजवळ लोपतो. म्हणून खुर्ची खोलीच्या ऐन मध्यावर ठेवू नये, भिंतीलाही टेकवू नये.

सबवूफरची जागा शोधण्याची एक गमतीदार पण खात्रीची रीत आहे. तो क्षणभर आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, खर्जातील निरनिराळे स्वर वाजवावेत आणि आपण वाकून भिंतीकडेने फिरावे. जेथे सर्व स्वर सारखे ऐकू येतील, तेथे सबवूफर न्यावा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे हे साधते.

मॉनिटर व सबवूफर यांच्या कामाची वाटणी सामान्यतः ८० हर्ट्झच्या आसपास करतात. तोच स्वर वाजवून फेजची कळ दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी. ज्या स्थितीत स्वर मोठा येतो, ती योग्य. दुसऱ्या स्थितीत एक हवा पुढे ढकलतो, तर दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज मरतो.

आता दोषांकडे वळू. एक मॉनिटर मुका झाला, तर मॉनिटरपाशी दोन्ही केबलींची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या मॉनिटरकडे गेला, तर दोष केबलीत किंवा तिच्या मागच्या यंत्रात आहे. जागचा हलला नाही, तर मॉनिटरमध्येच आहे. सतत गुणगुण येत असेल, तर यंत्रांचे अर्थिंग दोन वाटांनी जोडले गेल्याचा संशय घ्यावा. सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी आणि बॅलन्स्ड केबल वापरावी. तिच्यातील दोन तारांतून एकच ध्वनी परस्परविरुद्ध रूपांत जातो. बाहेरची गुणगुण मात्र दोहोंत सारखीच शिरते, आणि शेवटी वजाबाकीत ती नाहीशी होते.

गुणगुण घालविण्यासाठी अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. आवाज थांबेल; परंतु आत बिघाड होताच धातूच्या भागात वीज उतरते आणि स्पर्श करणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मॉनिटर सर्वांत शेवटी सुरू करावेत आणि सर्वांत आधी बंद करावेत, म्हणजे दणका बसून कर्णे फाटत नाहीत. इतके झाल्यावर आपल्या पूर्ण परिचयाचे एखादे उत्तम मुद्रण लावावे. त्यातील डग्गा नेहमीसारखा बोलू लागला, की खोलीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.