वीजपेटी घेताना

नव्या घराच्या फरशीसाठी आम्ही चार दुकाने फिरलो आणि वीजपेटी वायरमनवर सोपवली. सगळ्या घराला एकच आरसीसीबी. गिझरमधून करंट गळला की तिन्ही मजले अंधारात!

आता प्रत्येक लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ आहे. करंट गळो वा भार वाढो, तेवढीच लाइन तुटते. महाग पडतो खरा. शिवाय बहुतेक आरसीबीओ पेटीत दोन जागा खातात: बारा लाइनींना चोवीस, मेन स्विच वेगळा, चार जागा रिकाम्या ठेवाव्यात. प्रत्येक लाइनचा न्यूट्रल तिच्याच आरसीबीओला जोडावा. वायरमन घाईत सगळे एकत्र बांधतात, मग कारण नसताना लाइन पडते.

अँपिअर वायर पाहून ठरवावेत. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर १६ चा पडतो म्हणून कोणी ३२ चा बसवू लागला, तर हात धरावा. वायर आधी जळेल.