माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरांचा क्लस्टर: कसा जोडायचा आणि कशासाठी

बऱ्याच घरांत माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर पडलेला असतो. कुणाच्या दुकानातला, कुणाच्या ऑफिसातून निघालेला. नवं विंडोज चालत नाही म्हणून तो बाजूला पडतो आणि शेवटी भंगारात जातो. असे तीन-चार डबे गोळा करून, त्यांच्यावर लिनक्स टाकून, ते एकाच कामाला जुंपता येतात. यालाच क्लस्टर म्हणतात. घरातला मुलगा किंवा मुलगी असा हट्ट धरत असेल, तर "भंगार घरात आणू नको" म्हणण्याआधी यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे पाहून घ्या.

ही कल्पना खेळातून आलेली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे पीसी नेटवर्कच्या तारेने जोडले आणि त्यांवर लिनक्स चालवलं. त्याचं नाव बेवूल्फ. दोन वर्षांनी टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या संशोधकांना नव्या मशीनसाठी पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी टाकून दिलेले पीसी गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. त्याच मशीनवर अमेरिकेच्या पर्यावरण-प्रदेशांचे नकाशे तयार झाले. आज जगातल्या ५०० सर्वांत वेगवान सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं, आणि त्यातली बहुतेक अशीच, अनेक कॉम्प्युटर जोडून बनलेली आहेत.

आता मुख्य गैरसमज. चार कॉम्प्युटर जोडले की गेम चौपट वेगाने चालेल, असं होत नाही. काम वाटता आलं पाहिजे. दावतीची बिर्याणी घ्या. पन्नास किलो कांदा कापायला दहा माणसं बसली की काम झटपट उरकतं. पण देग दमावर ठेवल्यावर दहा आचारी भोवती उभे राहिले तरी दम लवकर बसत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. १०० मिनिटांच्या कामातली १० मिनिटं "दमाची" असतील, तर चार मशीनवर उरलेली ९० मिनिटं साडेबावीसवर येतात, एकूण साडेबत्तीस. आठ मशीन लावली तर सव्वाएकवीस. शंभर लावली तरी १० च्या खाली कधीच नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा नियम क्लस्टर करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. माझ्या मते सगळ्या खटाटोपाची खरी कमाई हीच.

जोडणी अवघड नाही, पण चिकाटी लागते. मशीन ६४-बिटची हवीत, कारण ३२-बिटसाठी नवं लिनक्स मिळणं आता कठीण झालंय. रॅम प्रत्येकी ४ जीबी असली की भागतं. सोबत एक गिगाबिट स्विच आणि प्रत्येकासाठी एक लॅन केबल. वायफायवर करू नका, संदेश पोहोचण्यातच वेळ जातो. सगळ्यांवर डेबियनची एकच आवृत्ती टाका आणि डेस्कटॉप नको म्हणून सांगा. मॉनिटर आणि कीबोर्ड फक्त एकालाच लागतो. तो मुख्य, बाकीचे कामकरी. प्रत्येकाला कायमचा आयपी पत्ता द्या आणि सगळ्यांवर एकाच नावाचं, एकाच क्रमांकाचं युजर खातं उघडा.

मग तीन गोष्टी. मुख्य मशीनवरून बाकीच्यांत पासवर्डशिवाय शिरता यावं म्हणून एसएसएचची चावी. सगळ्यांना एकच फोल्डर दिसावं म्हणून एनएफएस. आणि एकाच प्रोग्रामचे तुकडे वेगवेगळ्या मशीनवर चालून एकमेकांशी बोलावेत म्हणून ओपन एमपीआय. नवशिका अडकतो तो इथेच: प्रोग्राम सुरू होतो आणि नुसता थांबून राहतो, चूक काही दाखवत नाही. बहुतेक वेळा कुठल्या तरी मशीनचं फायरवॉल आडवं आलेलं असतं, किंवा ओपन एमपीआयची आवृत्ती एका मशीनवर वेगळी असते. हे शोधण्यात दोन संध्याकाळ गेल्या तर त्या वाया गेल्या असं समजू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची रोजची नोकरी हीच आहे.

चालवायचं काय? पायची किंमत काढणं हा ठरलेला पहिला धडा. पण घरच्या उपयोगाचं काम हवं असेल तर आजोबांच्या जुन्या मराठी पुस्तकाची ३०० पानं स्कॅन करा आणि टेसरॅक्ट नावाच्या मोफत प्रोग्रामने त्यांचा मजकूर काढा. प्रत्येक पान स्वतंत्र, म्हणजे हा निव्वळ कांदा कापण्याचा प्रकार. यासाठी एमपीआयही लागत नाही; जीएनयू पॅरलल हा छोटा प्रोग्राम एसएसएचवरून पानं वाटून देतो. मजकूर तपासून घ्यावा लागतो, आणि उर्दू नस्तालीकमध्ये तर चुका बऱ्याच निघतात. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करणाऱ्यांनाही फायदा आहे: २४० फ्रेम, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे एका मशीनवर ८ तास, सारख्या ताकदीच्या चार मशीनवर २.

खर्चाचंही बोलू. एक जुना डेस्कटॉप कामात असताना ८० वॅट खातो असं धरलं, तर चार मशीन पाच तासांत १.६ युनिट वीज घेतात. रोज चालवलं तर महिन्याला ४८ युनिट, आणि बिल बघून अब्बू विचारणारच. म्हणून काम असेल तेव्हाच चालू करा. चारही प्लग एका स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डात खुपसू नका, अर्थिंग तपासून घ्या, पंख्यांतली धूळ आधी काढा. लाइट जाणाऱ्या भागात निदान मुख्य मशीनला तरी यूपीएस हवा, नाहीतर डिस्कवरचा डेटा बिघडतो.

आणि हो, आजचा एक चांगला लॅपटॉप या चार डब्यांना वेगात सहज मागे टाकू शकतो. वेगच हवा असेल तर पैसे लॅपटॉपसाठी साठवा. पैसे नसतील, किंवा क्लस्टर शिकायचाच असेल, तर डबेही नकोत: त्याच लॅपटॉपवर दोन-तीन आभासी मशीन तयार करून वरची सगळी जोडणी आधी करून पाहता येते. तिथे जमलं की मग माळ्यावर चढा.