परीट की मडिवाळ?

फाल्गुन सरता सरता पहाटे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला गेलात, तर डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला लागतात. इंग्रजी पुस्तकांत वसंत म्हणजे गाणारे पक्षी परत येण्याचा काळ. आपल्याकडे नेमके उलटे. थंडीचे पाहुणे निघायच्या तयारीत असतात आणि हिवाळाभर गप्प बसलेले घरचेच पक्षी गळा मोकळा करतात. कोकीळ सर्वांनाच ठाऊक. पण माझ्या मते खरा गवई दयाळ. काळा-पांढरा, बुलबुलाएवढा, शेंड्यावर बसून उजाडण्याआधीच सुरू होतो. बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी. तिथे त्याला ‘दोयेल’ म्हणतात.

एवढे ठाऊक असूनही दोन वर्षांपूर्वी मी फसलो. परसातला वठलेला आंबा पावसाआधी तोडायचा ठरवून झाड तोडणाऱ्याला विसारही दिला होता. चिकोडीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘ढोलीत मडिवाळ जातोय, इतक्यात हात लावू नका.’’ मडिवाळ म्हणजे कन्नडमध्ये परीट. आणि मराठीत परीट म्हणजे धोबी पक्षी, निपाणीकडे वेदगंगेच्या काठाने शेपटी खालीवर हलवत हिंडणारा! त्याच्या बऱ्याच जाती थंडीपुरत्या येतात आणि एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. त्यांचा आमच्या आंब्याच्या ढोलीशी काय संबंध? मी हसून विषय सोडून दिला. शब्दाचे भाषांतर झाले की अर्थ हाती आला असे वाटणे, ही आम्हा भाषा शिकवणाऱ्यांची जुनी खोड.

तोडणीच्या आदल्या पहाटे सासूबाईंनी दार वाजवून उठवले. ‘‘केळ्री!’’ एवढेच म्हणाल्या. आंब्याच्या शेंड्यावर दयाळ गात होता. कन्नडमधला मडिवाळ हक्की तो हाच. काळ्या अंगावरचा पांढराशुभ्र पट्टा पाहून त्याला परटाचे नाव मिळाले असावे, असे सासूबाईंचे म्हणणे. मार्च ते जुलै हा त्याचा विणीचा काळ. घरटे झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात. आम्ही बघत असतानाच करड्या रंगाची मादी चोचीत काडी घेऊन ढोलीत शिरली.

झाडवाल्याला फोन करून पावसाळ्यानंतर या म्हटले. ‘‘एका पाखरासाठी?’’ म्हणून तो वैतागला आणि विसार परत मिळणार नाही, हेही बजावले. मी मागितलाही नाही. आंबा अजून उभा आहे.