रस निवळताना चुन्याचा हिशेब



कडाव, कर्जत, खालापूर हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की हंड्यात तुरटी फिरवायची, ही तिथली घरोघरची रीत. घाण गोळा होऊन तळाशी बसते. पण तुरटी दुप्पट फिरवली म्हणून गाळ काही दुप्पट बसत नाही. पाणी तेवढे तुरट लागते. कारखान्यात उसाच्या रसाचेही तसेच आहे. "चुना जरा सढळ हाताने टाका, साखर पांढरी होईल," असे काही सभासद आम्हांस सुचवितात. म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

उसाच्या रसात मुळातच थोडे स्फुरद असते. रस तापवून त्यात चुन्याचे दूध सोडले की चुना आणि स्फुरद एकत्र येऊन कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो. हा साका खाली बसताना माती, मळ व काही रंग सोबत नेतो. यांचा संयोग ठरलेल्या वजनानेच होतो:

१६८ भाग शुद्ध चुना + १४२ भाग स्फुरद = ३१० भाग साका

(स्फुरद खताच्या पोत्यावर मोजतात तसेच धरले आहे.)

रस चांगला निवळण्यास लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम स्फुरद हवे. म्हणजे १००० लिटरला ३०० ग्रॅम. त्यास चुना लागेल ३०० × १६८ ÷ १४२ = ३५५ ग्रॅम. साका पडेल ६५५ ग्रॅम. चुना शेकडा ८० शुद्ध असेल, तर ३५५ ÷ ०.८० = ४४४ ग्रॅम तोलावा लागेल.

आता समजा, रसात स्फुरद २०० ग्रॅमच आहे आणि शुद्ध चुना तेवढाच, ३५५ ग्रॅम घातला. २०० ग्रॅमला २३७ ग्रॅम चुना पुरतो. साका ४३७ ग्रॅमवर थांबतो, ११८ ग्रॅम चुना मोकळा राहतो. जो जिन्नस आधी संपतो, तोच साका किती पडणार ते ठरवितो.

मोकळा चुना गंधकाच्या धुरीने मारतात. ५६ भाग चुना, ३२ भाग गंधक व हवेतील ३२ भाग प्राणवायू मिळून १२० भाग कॅल्शियम सल्फाइट बनते. त्याचाही साका पडतो. म्हणजे ११८ ग्रॅम चुन्यास ६७ ग्रॅम गंधक हवा. या धुरीसाठी कारखाना मुद्दाम जादा चुना घालतोच, पण तोही मापाने. चुना वरचढ झाला तर रस काळवंडतो व बाष्पपात्राच्या नळ्यांत खपली धरते. कमी पडला तर रस आंबट राहून साखर फुटते, उतारा घटतो. उतारा घटला की दराला फटका बसतो, हे सांगायला नको.

स्फुरद कमी पडल्यास कारखान्यास फॉस्फोरिक आम्ल विकत घेऊन घालावे लागते. तेव्हा माती तपासून लागणीच्या वेळीच सुपर फॉस्फेट द्यावे. ऊस तोडल्यावर ताजा आणि पाचट, माती काढून पाठवावा. शिळ्या उसाचा रस आंबट होतो व जादा चुना खातो. चुन्याचे माप कारखान्यात ठरते खरे, पण त्याची सुरुवात आपल्या शेतातच होते.